तोपर्यंतचे चार टाके

डेपोच्या वर्कशॉपमध्ये, टायरच्या ढिगाऱ्यामागे, एक लांबट खोली आहे. खोलीला एकच खिडकी, खिडकीखाली जाड शिलाईचं मशीन, शेजारी रेक्झिनचे गुंडाळे आणि भिंतीला टेकवून ठेवलेल्या फाटक्या सीट. या खोलीत एकवीस वर्षं एक बाई काम करत होती. तिला नाव होतं, पगाराच्या दिवशी ते पुकारलंही जायचं, पण एरवी सगळा डेपो तिला गादीबाई म्हणायचा. एकदा साहेबांनी हजेरीच्या कागदावरही गादीबाई असंच लिहिलं आणि मग घाईघाईनं खोडलं.

तिचा बाप ट्रकवरच्या ताडपत्र्या शिवायचा. शाळा सुटली की ती त्याच्याजवळ जाऊन बसायची आणि वाकड्या सुईनं कडा शिवायची. एक टाका तिरका पडला तर तो अख्खी ओळ उसवायला लावायचा, आणि तीही हसत हसत, त्यामुळे तिला रडताही यायचं नाही. अशा शिकवणीतून माणूस एकतर शिवण सोडून देतो किंवा जन्मभर लोकांच्या शर्टाची बटणं न्याहाळत बसतो. गादीबाई दुसऱ्या प्रकारातली निघाली. लोंबणारी कुठलीही गोष्ट तिला बघवत नसे. साहेबांच्या शर्टाचं सुटायला आलेलं बटण तिनं भर मीटिंगमध्ये तोडून त्यांच्या हातात ठेवलं होतं आणि वर, "पाच मिनिटांत लावून देते, शर्ट काढा," असंही म्हणाली होती.

तिचा नवरा त्याच डेपोत, चौकशीच्या खिडकीत बसायचा. बायको सीट शिवते आणि नवरा ती सीट कुठल्या गावाला जाणार ते सांगतो, असं लोक म्हणत. खिडकीत त्याच्यासमोर माइक होता आणि इतक्या वर्षांत तो माइक त्याच्या अंगात भिनला होता. घरीसुद्धा तो साधं बोलायचा नाही. "पाणी तापलेलं आहे, आंघोळीला जाणाऱ्यांनी कृपया नोंद घ्यावी," असं स्वयंपाकघरातून यायचं, आणि घरात आंघोळीला जाणारं तिच्याशिवाय कुणी नसायचं. मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. दोघांचं बरं चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी वरून हुकूम आला की लांब पल्ल्याच्या सगळ्या गाड्यांत प्रत्येक सीटला पट्टा हवा. आठ दिवसांत मेकॅनिकांनी बावीस गाड्यांत पट्टे बसवले. एका बाजूला बकल, दुसऱ्या बाजूला त्यात खुपसायची लोखंडी जीभ, दोन्ही सीटच्या सांगाड्याला पक्के. काम चोख झालं. फक्त हे बांधायचं कसं आणि कशासाठी, ते प्रवाशांना सांगायचं राहून गेलं. मग प्रवाशांनी आपापल्या परीनं उपयोग शोधले. कुणी पट्ट्यानं सूटकेस आवळली. मुलांनी चार चार तास बकलं वाजवली. कुणी अंधारात बकलावर बसलं आणि किंचाळलं. पट्टे खाली लोंबायचे, बुटांनी तुडवले जायचे, आणि दुसऱ्याच महिन्यात अकरा पट्टे कुणीतरी ब्लेडनं कापून नेले, ते नवे बसवावे लागले.

त्यावर दुसरं पत्र आलं. साहेबांनी ते वर्कशॉपमध्ये वाचून दाखवलं: सर्व वाहनांतील पट्टे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी डेपोची राहील, तपासणीत एकही पट्टा कमी आढळल्यास कारवाई होईल. आता हे ऐकून एखाद्या सरळ माणसाला वाटेल की पट्टे धड असावेत आणि वापरात असावेत. पण त्या डेपोत सुरक्षित या शब्दाचा एकच अर्थ चालत होता: कुलपात. आग विझवायचं नळकांडं सुरक्षित होतं, म्हणजे कपाटात होतं. औषधाची पेटी सुरक्षित होती, आणि तिची किल्ली स्टोअरकीपरकडे, आणि स्टोअरकीपर दुपारी जेवायला घरी. तेव्हा पट्टेही सुरक्षित करायचे ठरलं.

"गादीबाई, तुम्हीच काहीतरी करा," साहेब म्हणाले. "लोंबायला नको, चोरीला जायला नको, आणि मोजायला मात्र सापडला पाहिजे."

लोंबायला नको, एवढं एकच ऐकून गादीबाई कामाला लागली. सीट आणि पाठ यांच्यामध्ये जी फट असते, तिच्यात दोन्ही पट्टे घडी करून बसवायचे आणि वरून रेक्झिनचं झाकण टाकायचं. झाकणाची एक कड सीटला शिवलेली, दुसरी पाठीला वेल्क्रोनं चिकटलेली. ज्याला पट्टा हवा त्यानं झाकण ओढायचं, पट्टा काढायचा. डोकं चांगलं चालवलं होतं, यात वाद नाही. झाकण इतकं बेमालूम बसलं की हा सीटचाच भाग आहे असं वाटावं.

पंधरा दिवसांत धुळीनं वेल्क्रोचा जीव गेला. झाकणं उचकटून उभी राहिली. गादीबाईनं नव्या वेल्क्रोची मागणी लिहून दिली. स्टोअरकीपर म्हणाला, येईल. ती रोज सकाळी त्या उघड्या झाकणांकडे बघायची आणि तिच्या दाढा शिवशिवायच्या. शेवटी तिनं वाकडी सुई घेतली आणि वेल्क्रो येईतोपर्यंत प्रत्येक झाकणाला चार टाके घातले. चारच. मेणाचा दोरा, आतून गाठ, बाहेरून काही दिसायचं नाही. टाके घालताना आता पट्टा बाहेर येणार नाही हे तिला कळत होतं का? कळत होतं. पण ते तोपर्यंतचं होतं, आणि तोपर्यंत या शब्दानं माणसाला किती हलकं वाटतं ते ज्यानं त्यानं आठवून बघावं.

वेल्क्रो अकरा महिने आला नाही. या अकरा महिन्यांत कुणीही बोंब मारली नाही, कारण पट्टा बांधत कोण होतं? हजारात एखाद्यानं कंडक्टरला विचारलंच, तर कंडक्टर म्हणायचा, "आत असेल बघा," आणि पुढच्या सीटकडे वळायचा. तपासनीस आले, त्यांनी एकेका झाकणावरून हात फिरवला, आतलं बकल बोटांना लागलं की खूण केली. प्रत्येक गाडीत चव्वेचाळीसपैकी चव्वेचाळीस. डेपोचं कौतुक झालं, साहेबांनी पेढ्यावाचून नुसत्या चहावर ते साजरं केलं. आणि गाडी सुटताना गादीबाईचा नवरा रोज माइकवरून सांगत राहिला की प्रवाशांनी आपापल्या सीटचे पट्टे बांधून घ्यावेत. त्याला टाक्यांचं ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच्या समोरच्या छापील कागदावर ते वाक्य होतं, म्हणून तो ते वाचत होता.

मग एका गुरुवारी एका गल्लीतून मोटारसायकल आडवी आली आणि ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. मोटारसायकलवाला वाचला. गाडीतले बरेचसे प्रवासी पुढच्या सीटवर आदळले, कपाळं चोळत, शिव्या देत घरी गेले. सीट नंबर एकोणीसवरच्या बाईंचं मनगट मात्र पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीवर आपटून मोडलं. उजवं मनगट. त्या सत्तर वर्षांच्या होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई, आणि दर गुरुवारी शेजारच्या जिल्ह्यात अंथरुणाला खिळलेल्या बहिणीला भेटायला एकट्या जायच्या.

अहवाल तीन दिवसांत तयार झाला. वाहनातील सर्व पट्टे जागेवर होते, सदर प्रवाशाने पट्टा न लावल्यामुळे इजा झाली, असं त्यात होतं. यातला शब्द न् शब्द खरा होता.

हे गादीबाईच्या कानावर आलं ते नवऱ्याकडून, एका सोमवारी, जेवताना.

"त्या आज परत आल्या होत्या," नवरा म्हणाला. घरातला माइक त्या दिवशी बंद होता.

"कोण?"

"हात मोडलेल्या बाई. तिसऱ्यांदा आल्या. त्यांना काही नको, भरपाई नको, काही नको. एकच विचारतात, एकोणीस नंबरला पट्टा होता की नव्हता? मी म्हटलं, बाई, होता, कागदावर आहे. तर म्हणतात, मी बसल्या बसल्या शोधला होता, मला सापडला नाही."

गादीबाईचा घास हातातच राहिला.

"मुलगा असतो बरोबर. भला माणूस आहे, पण घाबरलाय," नवरा सांगत राहिला. "त्याला वाटतं, आईला आता आठवेनासं झालंय. पट्टा समोर असून दिसला नाही, आणि वर शोधला म्हणते. डॉक्टरकडे नेऊन आणलं. डॉक्टरांनी वार विचारला, तारीख विचारली, आणि शंभरातून सात सात वजा करत जा म्हणाले. गणिताच्या बाईंना! त्या दोनपर्यंत बिनचूक गेल्या. तरी डॉक्टर म्हणाले, वय झालं की एखादी गोष्ट निसटते. आता मुलगा त्यांना एकटं कुठं जाऊ देत नाही. बहिणीकडे जाणं बंद. गुरुवारी अहवालाची नक्कल घ्यायला तेवढं घेऊन येणार आहे. आणि आज जाताना त्या मला काय म्हणाल्या माहितेय? 'तुम्ही म्हणता तर असेल. मलाच दिसला नसेल.'"

गादीबाईनं ताट बाजूला सारलं. "अहो, तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"काय सांगू? माझी बायको शिवून बसलीये म्हणून?"

नंतर नवऱ्यानं त्याच्या मते शहाणपणाची गोष्ट सांगितली. "हे बघ, उद्यापासून गुपचूप उसवायला घे. चार दिवसांत सगळ्या गाड्या मोकळ्या होतील. पुन्हा कुणाला लागायचं नाही. झालं."

वरवर पाहता हे ठीकच होतं. गादीबाईनं ते मनात दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. सगळे टाके उसवले की कागद खरा ठरणार होता: पट्टे होतेच, आणि हात घातला की येतही होते. मग त्या बाईंचं म्हणणं कायमचं खोटं. पुढचे सगळे प्रवासी वाचले असते आणि त्या एकट्या, जन्मभर, स्वतःच्याच डोक्यावर संशय घेत बसल्या असत्या. गादीबाईला पहिल्यांदाच उसवण्याची भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून टाकलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"तुम्ही टाके घातलेत हे मला माहीत नाही," ते म्हणाले. "मला तुम्ही आत्ता काही सांगितलेलंही नाही. उद्या संध्याकाळच्या आत एकूण एक सीट उसवा."

"उसवते साहेब. पण त्या बाईंना कुणीतरी सांगायला पाहिजे."

"अहवाल वर गेलाय, गादीबाई. तो परत बोलावला तर तुमची नोकरी जाईल, आणि माझंही काही खरं नाही. तुम्हाला किती वर्षं राहिली?"

"सहा."

"मग?"

ती खोलीत आली, ब्लेड आणि सुई घेतली आणि उसवायला लागली. मंगळवारी दहा गाड्या झाल्या, बुधवारी बारा. एका सीटला अर्धं मिनिट लागायचं. प्रत्येक झाकणाखालून घडी घातलेला पट्टा बाहेर यायचा, कोरा करकरीत, अकरा महिन्यांपूर्वी ठेवला होता तसाच. पुढे पुढे तिला ते कोरेपण बघवेना आणि ती मान वळवून उसवू लागली. त्या एका गाडीत मात्र तिनं त्रेचाळीस सीट उसवल्या आणि एकोणीस नंबरला हात लावला नाही. कुणी बसू नये म्हणून तिच्यावर नादुरुस्त अशी पाटी बांधली.

गुरुवारी सकाळी ती काम सोडून चौकशीच्या खिडकीसमोरच्या बाकावर येऊन बसली. नवऱ्यानं काचेतून तिच्याकडे पाहिलं, मान हलवून नको नको म्हटलं. तिनं दुसरीकडे तोंड फिरवलं. साडेनऊच्या सुमारास गणिताच्या बाई आल्या. उंच, ताठ, उजवा हात प्लास्टरमध्ये आणि गळ्यात अडकवलेला. मागे मुलगा, मोटारसायकलची किल्ली बोटात फिरवत.

बाई खिडकीशी वाकून बोलायच्या आत गादीबाई उठून पुढे झाली. "बाई, जरा माझ्याबरोबर येता का? ती सीट दाखवते."

"अगं—" नवरा म्हणाला. माइक चालू होता. सगळ्या स्टँडनं ते 'अगं' ऐकलं आणि निम्म्या बायकांनी मागे वळून पाहिलं.

गाडी फलाटालाच उभी होती. आत कुणी नव्हतं. गादीबाईनं पाटी सोडली आणि बाईंना एकोणीस नंबरवर बसवलं. "त्या दिवशी हात कुठं घातला होता?"

बाईंनी डावा हात मागे नेला, सीट आणि पाठ यांच्यामध्ये. बोटं झाकणावरून फिरली आणि एका जागी थांबली. "इथं. इथंच. काहीतरी कडक लागलं होतं. मला वाटलं, सीटचीच काही पट्टी असेल."

"तेच बकल आहे."

"मग बाहेर का येत नाही?"

"मी शिवलंय ते," गादीबाई म्हणाली. "याच नाही, सगळ्या गाड्यांतलं. अकरा महिने झाले. त्या दिवशी पट्टा होता, पण तुम्हाला काय, कुणालाच सापडला नसता."

एवढं बोलून तिनं समोरची दांडी धरली. तीच दांडी, हे लक्षात आल्यावर तिनं हात काढून घेतला.

गणिताच्या बाईंनी पुन्हा एकदा झाकणाखाली बोट खुपसून पाहिलं, टाक्यांशी अडेपर्यंत. मग मुलाकडे वळल्या.

"आता तू म्हण," त्या म्हणाल्या. "शंभरातून सात."

"आई, आता काय त्याचं—"

"म्हण."

"त्र्याण्णव," मुलगा म्हणाला. पुढचा आकडा काही त्याला येईना. त्यानं मान खाली घातली.

बाईंनी मग गादीबाईकडे पाहिलं, वर्गात उशिरा आलेल्या मुलीकडे पाहावं तसं. "लिहून द्या."

गादीबाईनं मागणीच्या वहीतला कागद फाडला आणि उभ्या उभ्या लिहिलं. तिला लिहायची सवय नव्हती, ओळी चढत गेल्या. एकोणीस नंबरचा पट्टा मी शिवून बंद केला होता, बाईंनी शोधला होता, यात बाईंची काही चूक नाही. बाईंनी वाचलं.

"शेवटचं खोडा. मला प्रशस्तिपत्र नको. काय घडलं तेवढंच असू दे. तारीख घाला, आणि सही."

तिनं खोडलं, तारीख घातली, सही केली. बाईंनी कागदाची घडी डाव्या हातानं, दातांची मदत घेत केली. मुलगा पुढे झाला तर त्याला हातानंच थांबवलं.

"तुम्हाला माफ वगैरे केलंय असं समजू नका," उतरताना त्या म्हणाल्या. "चार आठवडे मी रोज रात्री घराचं कुलूप तीन तीनदा तपासत होते. स्वतःवर विश्वास नव्हता म्हणून."

"नाही समजत," गादीबाई म्हणाली.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. अहवाल परत आला, नवीन लिहिला गेला, साहेबांची बदली झाली. गादीबाईची नोकरी गेली नाही, पण ती खोली गेली. आता सीट बाहेरून शिवून येतात, आणि वाईट येतात. तिला गाड्या धुण्याच्या शेडमध्ये टाकलं. पायात गमबूट, हातात पाइप. एकवीस वर्षं कोरड्या खोलीत बसलेल्या बाईला ओल्यात उभं राहायचं म्हणजे काय ते तिच्या कंबरेला विचारावं. मशीनवर आता कुणीतरी जुने टायर रचून ठेवलेत, तिकडून जाताना तिला राग येतो आणि ती तो लपवत नाही. केलं त्याचं वाईट वाटतं का, असं नवऱ्यानं एकदा विचारलं. शिवल्याचं वाटतं, ती म्हणाली, सांगितल्याचं नाही वाटत.

दोन गुरुवार गेले. तिसऱ्या गुरुवारी ती शेडमध्ये चाकांवरचा चिखल काढत होती, तेवढ्यात कंडक्टर धावत आला. "गादीबाई, चला लवकर. त्या बाई आल्यात, बहिणीकडे निघाल्यात. एकट्याच. मला पट्टा बांधू देत नाहीत. म्हणतात, तिलाच बोलवा, तिनं शिवलाय, तीच बांधेल."

गादीबाई गमबुटांसकट गाडीत चढली. गाडी भरलेली होती, सगळे तिच्याकडे बघत होते. गणिताच्या बाई एकोणीस नंबरवर ताठ बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. त्यांनी नुसता हात उचलून जागा करून दिली.

गादीबाईनं ओले हात कपड्यांना पुसले आणि नव्या अहवालानंतर टाके काढलेल्या झाकणाखालून दोन्ही पट्टे बाहेर ओढले. एकाला जीभ, एकाला बकल. तिनं जीभ खुपसली, ती गेली नाही. दाबली, तरी गेली नाही. तेव्हा तिच्या ध्यानात आलं की बावीस गाड्यांतले सगळे पट्टे तिनं घडी करून आत घातले होते, पण एकही, कधीही, बांधून पाहिला नव्हता.

"उलटी धरलीये तुम्ही," बाई म्हणाल्या.

तिनं सुलटी केली. टक्कन बसली.

"ओढून बघा."

तिनं ओढून पाहिलं.

"सैल आहे."

तिनं पट्टा आवळला. बाईंनी डाव्या हाताचं एक बोट पट्ट्याखाली घालून पाहिलं, मग बोट काढून घेतलं.

"अजून," त्या म्हणाल्या.